डाव्या हातानं वाचलेली मैदानं

डिस्क गोल्फचा कुठलाही कोर्स तटस्थ नसतो. झाड वाटेच्या एका कुशीला असतं, तळं एका बाजूला असतं, उतार एकीकडेच उतरतो. हवेत फिरणारी डिस्कसुद्धा शेवटी एकाच बाजूला वळते. ही दोन्ही वळणं जुळली की खेळाडू हुशार दिसतो. नाही जुळली की आज त्याचा हात बसला नाही, असं आपण म्हणून टाकतो. मी मूळची कोल्हापूरची, आता नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहते, हौशी गटांतल्या स्पर्धा खेळते आणि डावखुरी आहे. उजव्या हाताच्या मंडळींनी आपल्या हातानं आखलेल्या वाटांवरून खेळताना जे दिसत गेलं, ते इथे लिहिते आहे.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: गोल्फसारखीच अठरा होल, पण चेंडूऐवजी बशीएवढी प्लास्टिकची डिस्क. काँक्रीटच्या टी-पॅडवरून ती फेकायची, पडेल तिथून पुढची फेक घ्यायची आणि शेवटी खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांना आपटून ती खालच्या बास्केटमध्ये पडली की होल संपलं. सगळ्यांत कमी फेकांत अठरा होल संपवणारा जिंकतो. कॅलिफोर्नियात १९७५ साली ओक ग्रोव्हच्या बागेत पहिला कोर्स आखणारे एड हेड्रिक यांनीच पुढच्या वर्षी पीडीजीए ही संघटना सुरू केली. साखळ्यांच्या बास्केटची कल्पनाही त्यांचीच.

१. ताकद नंतर, आधी फिरकी

उजव्या हातानं बॅकहँड फेकलेली डिस्क, वरून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते आणि वेग मंदावला की डावीकडे कलते. त्याच माणसानं फोरहँड फेकली की फिरकी उलटी आणि वळणही उलटं, उजवीकडे. (रंकाळ्याच्या पाण्यावर चपटा दगड कमरेतून तिरका फेकून आम्ही त्याला उड्या मारायला लावायचो, फोरहँडची हालचाल साधारण तीच.) मी डाव्या हातानं बॅकहँड फेकते तेव्हा माझी डिस्क त्यांच्या फोरहँडसारखी उजवीकडे संपते.

हे का होतं ते समजून घेतलं की कोर्स वाचता येतो. डिस्क वेगात असताना तिला उचलणारा हवेचा दाब तिच्या मध्याच्या किंचित मागे असतो. वेग कमी होत गेला की तो पुढे सरकतो आणि डिस्कची पुढची कड वर ढकलायला लागतो. डिस्क फिरत नसती तर ती तिथेच उलटली असती. ती फिरत असते, म्हणून भोवऱ्याच्या नियमानं तो धक्का काटकोनात सरकतो आणि डिस्क कुशीवर कलते. म्हणून वेगात असताना ती किंचित एका बाजूला झुकते आणि दमल्यावर दुसऱ्या बाजूला वळते. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीनं तिरप्या कडेची ‘ईगल’ डिस्क आणली आणि फेका लांबल्या. आता बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. शेवटच्या दोन आकड्यांत वरची सगळी गोष्ट आलेली असते.

ज्या बाजूला डिस्क शेवटी पडणार त्या बाजूची कड आधीच खाली धरून फेकली की तो हायझर. डिस्क नाहीतरी तिकडेच जाणार असते, आपण तिला अडवत नाही, म्हणून हायझर भरवशाचा. उलट बाजूला कलवून फेकली की अ‍ॅनहायझर. तो जमला तर सुरेख, पण हात थोडा घट्ट झाला की चुकतो. दडपणाखाली माणूस भरवशाच्या फेकीकडे वळतो. त्यामुळे एखादं होल कुणाला हायझर देतं आणि कुणाला अ‍ॅनहायझर मागतं, हे पाहिलं की ते कुणाच्या बाजूचं आहे ते कळतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी कोर्स नुसता चालते तेव्हा टीपेक्षा बास्केटच्या अलीकडचा टापू जास्त वेळ पाहते, कारण डिस्कचा स्वभाव तिथेच बाहेर पडतो.

२. वळण कुठल्या बाजूला याइतकंच ते किती लांब, हे बघा

कार्डावरच्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या, चौघांत मी एकटीच डावखुरी असते. होल उजवीकडे वळणारं आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “हे तर तुझंच होल!” म्हणणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण ते अर्धंच खरं आहे.

आमच्या शार्लटचे बरेच कोर्स रानातले. ओक, पाइन, स्वीटगम यांच्या दाटीतून कापलेल्या गल्ल्या. अशा गल्लीत शिरताना डिस्क सपाट फेकावी लागते. ती बराच वेळ सरळ जाते आणि दमल्यावर एकदम मोडते. म्हणजे सपाट फेकीचं नैसर्गिक वळण उशिरा येतं आणि तीव्र असतं. अ‍ॅनहायझरचं वळण लवकर सुरू होतं आणि लांबवर हळूहळू पसरतं.

आता उजव्या हातानं बॅकहँड फेकणारा माणूस रानात वाट आखतो तेव्हा काय होतं ते पाहा. डावीकडचं वळण तो स्वतःच्या फेकीनं तपासतो. डिस्क दोनशे-अडीचशे फूट सरळ जाते, मग डावीकडे मोडते, आणि तिथेच झाडं तोडली जातात. उजवीकडचं वळणही तो बॅकहँडनंच तपासतो, म्हणजे अ‍ॅनहायझरनं. त्यामुळे ती वाट टीपासून शंभर-सव्वाशे फुटांवरच वळायला लागते, सावकाश, कमानीसारखी. माझी डिस्क सरळ जाऊन उशिरा वळणारी. ती कमान संपायच्या आत, दीडशे फुटांवर, डाव्या कडेच्या झाडावर आपटते. पूर्ण कमानीचा हायझर टाकायचा तर सुरुवातीला डावीकडे रुंद जागा हवी, आणि गल्लीचं तोंड असतं अरुंद. म्हणजे उजवीकडे वळणारं होल माझं नाहीच. ते उजव्या हाताच्या अ‍ॅनहायझरचं आहे. फोरहँड फेकणारे उजव्या हाताचे खेळाडू इथे माझ्याइतकेच वैतागतात, फक्त त्यांना बॅकहँडकडे परतायची सोय असते.

डावीकडच्या होलवर मामला आणखी अवघड. तिथलं वळण उशिराचं आणि तीव्र, आणि अ‍ॅनहायझर तसा कधीच मोडत नाही. त्या होलसाठी मी फोरहँड शिकले. आधी हौस म्हणून चाललं होतं, मग त्याशिवाय भागेना.

तिसरा प्रकार उलट्यासुलट्या वाटेचा. वाट आधी किंचित उजवीकडे जाते आणि शेवटी डावीकडे येते. उजव्या बॅकहँडची वेगवान डिस्क नेमकी असंच उडते, आधी टर्न, मग फेड. अशा वाटेचं लोक ‘किती सुंदर होल’ म्हणून कौतुक करतात. त्यांच्या दृष्टीनं ते आहेच. माझ्यासाठी ती वाट आरशातली असती तर मीही म्हटलं असतं.

चांगला डिझायनर काय करतो? वाटेच्या मध्ये एक मोठं झाड ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी जागा सोडतो. मग उजवीकडून जायचं की डावीकडून, ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझी आई भारतातून आली होती, तेव्हा कोर्सवर माझ्याबरोबर चालताना तिनं विचारलं होतं, “अगं, खेळायच्या जागेत मधोमध झाड ठेवलंय, ते काढत का नाहीत?” त्या झाडाला मी मनातल्या मनात नमस्कार करते, हे तिला कसं सांगणार!

३. दोराच्या कुठल्या बाजूला संपायचं, हा हिशेब आहे

शार्लटहून दक्षिणेला, राज्याची हद्द ओलांडली की रॉक हिल गाव लागतं. तिथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या तळ्याभोवती १९९९ पासून यूएस डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप खेळली जाते. हॅरल्ड डुव्हॉल यांनी आखलेला हा ‘विन्थ्रॉप गोल्ड’ कोर्स. तिथे दाट रान नाही, मोकळी हिरवळ आणि अधूनमधून मोठी झाडं. अडचण यावी म्हणून स्पर्धेच्या वेळी हिरवळीवर पिवळे दोर अंथरतात. दोराच्या पलीकडे डिस्क थांबली की ओबी, म्हणजे दंडाची एक फेक. सतराव्या होलला बास्केटच्या भोवती गवताच्या गाठींची भिंत रचतात. अंतर तसं थोडं, पण आघाडीवरची माणसं तिथे घसरलेली सगळ्यांनी पाहिली आहेत.

लोकांना वाटतं, दोर सगळ्यांना सारखाच. मला तसं वाटत नाही. कारण नियमात आहे. डिस्क ओबी गेली की ती शेवटची जिथे हद्दीच्या आत होती, त्या बिंदूपासून एक मीटर आत येऊन पुढची फेक घेता येते, किंवा आधीच्याच जागेवरून पुन्हा फेकता येते. म्हणजे दंड एकच, पण पुढची फेक कुठून हे डिस्कच्या मार्गावर ठरतं.

समजा, सरळ होल आहे आणि डावीकडे टीपासून बास्केटपर्यंत पाणी आहे. उजव्या हाताचा बॅकहँडवाला उजवीकडून फेकतो, डिस्क जमिनीवरून जाते आणि शेवटी पाण्याकडे वळते. जास्त वळली तर बुडते, पण बुडते ती बास्केटच्या जवळ. दंड घेतो, जवळून पट (बास्केटमध्ये टाकायची शेवटची फेक) घालतो आणि सुटतो. माझी डिस्क शेवटी उजवीकडे, पाण्यापासून दूर जाते. हे सुरक्षित वाटतं, आणि मी उजवीकडे सरळ रोखून फेकली तर आहेही; फक्त बास्केटपासून लांब पडते. जवळ जायचं असेल तर सुरुवातच पाण्यावरून करावी लागते: डावीकडे बाहेर काढायची आणि परत आत आणायची. ती परत आली तर टाळ्या. आली नाही तर ती शेवटची आत कुठे होती? टीपासून साठ-सत्तर फुटांवर. दंड त्याला एक आणि मला एक, पण मला जवळजवळ सगळं होल पुन्हा खेळायचं.

पाणी उजवीकडे असेल तर हेच चित्र उलटं. म्हणून सगळं पाणी आणि सगळे दोर एकाच हाताला असलेल्या कोर्सवर एका फिरकीची चूक स्वस्त पडते आणि दुसरीची महाग. गुणपत्रिकेत हे कुठेच दिसत नाही. तळ्याला वळसा घालत एकाच दिशेनं होल आखली, की ते तळं जवळजवळ प्रत्येक होलला त्याच हाताला येतं. डिझायनरच्या मनात काही नसलं तरी. बागांतल्या बऱ्याच कोर्सवर तसंच होतं.

दोरांच्या कोर्सवर आणखी एक गोष्ट घडते: लांब फेकणाऱ्याचं भांडवल आटतं. २०१७ मध्ये विन्थ्रॉपची स्पर्धा नेट सेक्स्टननं जिंकली. त्याचं नाव निघालं की लोकांना आधी त्याचा फोरहँड आठवतो. खेळायला येणाऱ्या नवीन मुलींना मी त्याच्या फेऱ्यांचे व्हिडिओ बघायला सांगते. लांब फेक शिकण्यासाठी नाही. कुठल्या होलला तो फोरहँड घेतो आणि कुठल्या होलला मुद्दाम घेत नाही, ते मोजण्यासाठी.

४. लांबीचा फायदा सगळ्या अंतरांवर सारखा नसतो

नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याच्या पाठबळावर, डेव्हिड विगिन्स ज्युनियरनं २०१६ मध्ये ३३८ मीटर फेक केली. विक्रम म्हणून ठीक. कोर्सवर मात्र प्रश्न असतो तो त्या होलच्या लांबीनं कुणाला कुणापासून वेगळं केलं, हा.

तीन फेकांचं होल धरा, ४२० फुटांचं, मोकळं. साडेचारशे फूट फेकणारा बास्केटजवळ पोहोचतो आणि दोनमध्ये संपवतो. साडेतीनशे फूट फेकणारा अलीकडे पडतो, दुसरी फेक जवळ घालतो आणि तीनमध्ये संपवतो. अडीचशे फूट फेकणाऱ्यालाही तीनच लागतात. मधल्या माणसानं शंभर फूट जास्त फेकले, त्याचा फायदा शून्य. तेच होल ३४० फुटांचं केलं तर पहिल्या दोघांत फरक उरत नाही, तिसरा वेगळा पडतो. अशी चार-पाच होल एकाच लांबीची आली की स्पर्धा खेळायच्या आधीच बरीचशी ठरलेली असते. टेक्सासचे डिझायनर जॉन हाउक यांनी बरीच वर्षं हाच विचार मांडला: चांगल्या होलवर फेकांचे आकडे पसरले पाहिजेत, आणि पसरले पाहिजेत ते फेकीच्या दर्जामुळे.

रानात हे सगळं उलटतं. शंभर फुटांवर दोन झाडांमधली फट पार करायची असेल तर पाचशे फुटांचा हात असून उपयोग नाही. २०२३ ची जागतिक स्पर्धा व्हरमाँटमधल्या स्मगलर्स नॉचला झाली. तिथे ब्रूस्टर रिज हा डोंगरातल्या रानाचा कोर्स आणि फॉक्स रन मेडोज हा बराचसा मोकळा, दोन्हींवर खेळायचं होतं. जिंकला आयझॅक रॉबिन्सन, जो लांब फेकीसाठी नाही तर अचूकपणासाठी ओळखला जातो. पुढच्या वर्षी व्हर्जिनियात लिंचबर्गला तोच पुन्हा जिंकला. शार्लटच्या आमच्या रानात २०१२ ची जागतिक स्पर्धा झाली होती. पॉल मॅकबेथचं पहिलं विजेतेपद ते. तो लांबही फेकतो आणि नेमकंही फेकतो, त्यामुळे त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही.

इथे बायकांच्या बाजूनं एक सांगायचं आहे. आमच्या गटासाठी वेगळा टी द्यायचा म्हणजे तोच टी-पॅड पन्नास-साठ फूट पुढे ओढायचा, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी असते. अंतर कमी होतं, हे खरं. पण वळणावरचं झाड जिथल्या तिथे राहतं. पुरुष ज्या कोपऱ्यावर पहिली फेक टाकून तिथून मोकळं बास्केट बघतात, त्याच्या चाळीस फूट अलीकडे आम्ही पडतो आणि समोर भिंतीसारखी झाडं. मग दुसरी फेक नुसती कोपऱ्यापर्यंत. लांब फेकणारी बाई आणि मध्यम फेकणारी बाई, दोघी तिथे एकाच दगडावर बसून वाट बघतात. प्रो टूर २०१६ मध्ये सुरू झाली; तिथे आता बऱ्याच ठिकाणी स्त्रियांचे टी वेगळा विचार करून ठेवलेले दिसतात, नुसते पुढे ओढलेले नसतात. स्थानिक स्पर्धांत ते पोहोचायचं आहे. टी पुढे आणण्यापेक्षा कधीकधी तो दहा फूट बाजूला नेला तरी काम होतं, हे मी आयोजकांना सांगून थकले आहे. तरी सांगतेच.

५. छप्पर मोजा

फांद्या किती उंचीवर आहेत, ही वाटेची तिसरी बाजू. वर मोकळं असेल तर उंच हायझर टाकून डिस्क जवळजवळ उभी खाली आणता येते, मग बास्केटच्या भोवती कितीही झाडं असोत. डोक्यावरून भाल्यासारख्या फेकलेल्या थंबर आणि टॉमाहॉकनाही आकाश लागतं. वर दहा-बारा फुटांवर फांद्या असतील तर हे सगळं बंद. तिथे चालते ती खाली राहणारी, सपाट, जोराची फेक. ठेंगण्या छपराखाली फोरहँडवाल्याला आणखी एक फायदा असतो: त्याची नजर शेवटपर्यंत वाटेवर राहते, बॅकहँडवाल्याला फेकायच्या आधी पाठ फिरवावी लागते.

आमच्याकडे फेब्रुवारीत पानं नसतात आणि जुलैत सगळं बंद होतं. त्याच कोर्सवरची हिवाळी स्पर्धा आणि उन्हाळी स्पर्धा मी दोन वेगळ्या स्पर्धा धरते, आणि पिशवीतल्या डिस्कही त्याप्रमाणे बदलते.

६. वारा कुठल्या होलला कुठून येतो, हे लिहून ठेवा

कॅन्सासमधलं एम्पोरिया हे या खेळाचं एक मोठं गाव. मोकळा माळ, आणि वारा असा की पाहुण्याला वाटतं आज वादळ आहे. स्थानिकांच्या लेखी तो नेहमीचाच दिवस.

समोरचा वारा डिस्कला जास्त वेगाचा भास देतो, त्यामुळे ती टर्नकडे झुकते. मागचा वारा तिला लवकर दमवतो आणि खाली पाडतो. ही दोन्ही संकटं सगळ्यांना सारखी. बाजूचा वारा मात्र पक्ष घेतो. उजव्या हाताच्या हायझरची डावी कड खाली असते, म्हणजे तिचं पोट उजवीकडे. वारा उजवीकडून आला की पोटाखाली शिरतो, डिस्क उचलतो आणि वाहून नेतो. डावीकडून आला की पाठीवर बसतो आणि तिला जमिनीकडे दाबतो. माझ्यासाठी नेमकं उलट. त्यामुळे माळावर सगळी लांब होल एकाच दिशेला आखली, तर त्या ऋतूतला नेहमीचा वारा दिवसभर एकाच फिरकीची हमाली करतो. मी कोर्सच्या नकाशावर प्रत्येक होलला बाण काढते. सगळ्यांत लांब चार होलचे बाण एकाच दिशेला असतील, तर त्या स्पर्धेला कुठल्या डिस्क न्यायच्या, हे घरीच ठरतं.

७. डिस्क पडल्यावरही खेळ चालू असतो

डावीकडे कललेली डिस्क डावीकडे चढणाऱ्या उतारावर पडली की रुतते. डावीकडे उतरणाऱ्या जमिनीवर पडली तर जमीन आणि डिस्क समांतर येतात. ती घसरत जाते, कधी कडेवर उभी राहून चाकासारखी खाली पळते. मिशिगनमध्ये मिलफर्डला केन्सिंग्टन मेट्रोपार्कमध्ये ‘टोबॉगन’ नावाचा कोर्स आहे, हिवाळ्यात घसरगाड्या चालतात त्या टेकडीवर आखलेला. तिथे बास्केटपर्यंत पोहोचण्याइतकंच तिथे थांबणं कठीण. आमच्या शार्लटच्या लाल मातीवर पाऊस पडून गेला की डिस्क जागच्या जागी बसते. उन्हाळ्यात तीच माती कडक होते, मग रोलर, म्हणजे डिस्क कडेवर पळवणारी फेक, टाकणाऱ्यांचे दिवस येतात.

पटचंही थोडंसं असंच. दहा मीटरच्या वर्तुळात तोल सांभाळून फेक पूर्ण करावी लागते. वारा असलेल्या उघड्या कड्यावर बास्केट ठेवली की वरून हळुवार सोडणारे अडचणीत येतात आणि जोरदार फिरकी देऊन सरळ मारणारे निभावतात. पण चुकली तर त्यांचीच डिस्क उतारावरून लांब जाते, त्यामुळे तिथे मी फार तक्रार करत नाही.

८. टीच्या भोवतालचं किडूकमिडूक

होलची माहिती देणारा फलक, बसायचं बाकडं, कचऱ्याचा डबा, डिस्क पुसायच्या टॉवेलचा खिळा ठोकलेलं झाड. हे सगळं टी-पॅडच्या ज्या बाजूला उजव्या हाताच्या माणसाला आड येत नाही, त्या बाजूला ठेवलेलं असतं. म्हणजे माझा हात मागे जातो तिथे. एका कोर्सवर फलकाच्या कोपऱ्याला मी फेसाची पट्टी बांधली आहे. कुणी काढत नाही, कारण कुणाला दिसतच नाही.

९. रेटिंगवर फार विसंबू नका

पीडीजीएचं रेटिंग त्या दिवशी त्या कोर्सवर इतर खेळाडूंनी, त्यांच्या आधीच्या रेटिंगच्या तुलनेत, कसं खेळलं यावरून निघतं. पद्धत प्रामाणिक आहे. पण ती कोर्स किती अवघड हे सांगते; कुणाला अवघड, ते सांगत नाही. नव्वद टक्के माणसं एका फिरकीची असतील तर त्यांची सरासरी म्हणजेच कोर्सची अवघडता. माझ्या रेटिंगमध्ये दोन-तीन कोर्स कायम वर आणि दोन-तीन कायम खाली येतात, तब्येत कशीही असो. स्पर्धेत नाव घालताना म्हणून मी बक्षिसांपेक्षा कोर्सचा नकाशा आधी उघडते. हौशी खेळाडूला हे स्वातंत्र्य आहे, ते वापरावं. पूर्णवेळ खेळणाऱ्यांना दौरा जिथे जाईल तिथे जावंच लागतं, म्हणून त्यांच्याकडे दोन्ही फेका असतात. आता वरच्या गटांत फोरहँड नसलेला खेळाडू शोधावा लागतो, आणि त्याचं श्रेय मी तरुणांच्या मेहनतीइतकंच बदललेल्या कोर्सना देते.

१०. अठरा अक्षरं लिहा

हे मी आता क्लबमध्येही करायला लावते. आमच्याकडचे कोर्स सार्वजनिक बागांत आहेत. ते आखणारे आणि राखणारे बहुतेक स्वयंसेवक. शनिवारी सकाळी करवती, दाताळी आणि डोनट घेऊन येणारी माणसं. त्यांच्यात कुणाचाही हेतू वाकडा नाही. पण वाट तपासताना जो डिस्क फेकतो, त्याचाच हात त्या वाटेला मिळतो. म्हणून दोन गोष्टी ठरवून घेतल्या. झाड तोडायच्या आधी त्या जागी एक बॅकहँडवाला, एक फोरहँडवाला आणि एक डावखुरा, अशा तिघांनी फेकून बघायचं. आणि स्पर्धेची मांडणी करताना कागदावर अठरा चौकोन काढून प्रत्येकात एकच अक्षर लिहायचं: डावीकडे संपणाऱ्या होलला ‘डा’, उजवीकडेला ‘उ’, सरळला ‘स’. डावी, उजवी आणि सरळ फेक मागणाऱ्या होलचा समतोल राखा, हे पीडीजीएच्या कोर्स आखणीच्या मार्गदर्शनातही आहे. पण कागदावर अक्षरं उतरल्याशिवाय कुणाला पटत नाही. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ‘डा’ इतके आले की आमचे अध्यक्ष म्हणाले, कागद उलटा धरलाय का?

मी प्रत्येक होलला तटस्थ करा म्हणत नाही. तटस्थ होल म्हणजे मैदानात मधोमध ठेवलेली बास्केट, त्यात कसली मजा. होलनं पक्ष घ्यावा, उघडपणे घ्यावा, पण अठरा होलांत तो बदलत राहावा. बहुतेक वेळा त्यासाठी झाडसुद्धा तोडावं लागत नाही. आमच्या बऱ्याच होलला बास्केट बसवायच्या दोन-तीन जागा आधीच जमिनीत पुरलेल्या आहेत. तीस-चाळीस फुटांनी जागा बदलली की ‘डा’चा ‘स’ होतो.

सध्या वाद अकराव्या होलवरून चालू आहे. बास्केट ओढ्याच्या पलीकडच्या जागेत न्यावी, म्हणजे शेवट उजवीकडे होईल, असं माझं म्हणणं. तसं केलं तर पावसात डिस्क वाहून जातील, असं कोर्स बघणाऱ्या गृहस्थांचं. त्यांचंही खरं आहे, मागच्या वसंतात ओढा टी-पॅडपर्यंत आला होता. येत्या शनिवारी गमबूट घालून दोघं तिथे जाणार आहोत, दोर आणि मोजपट्टी घेऊन.